तिसरा सिलिंडर

गाडीच्या चार सिलिंडरांपैकी तिसऱ्याचं कॉम्प्रेशन मी मोजलंच नाही आणि कागदावर त्याच्यापुढे एकशे पंचेचाळीस लिहून टाकलं. कारण विचाराल तर हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीतून नुकती काढलेली जोंधळ्याची कणसं हातावर चोळायला सुरुवात झाली होती, आणि मला भूक लागली होती. याहून भारदस्त कारण मला आजवर सापडलेलं नाही. शोधायचा प्रयत्न मात्र मी बराच केला. हात भाजला होता, उजेड कमी होता, पाना घसरत होता, असं बरंच काही मी स्वतःला सांगून पाहिलं. पाना घसरत होता हे खरंच आहे. पण तो काही माझ्या हाताला धरून आकडा लिहायला लावत नव्हता.

मानवतला आमचं घर कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत होतं. हंगामात सकाळपासून त्या मशिनींची घरघर सुरू व्हायची, ती इतकी अंगवळणी पडलेली की दुपारच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की घरातली सगळी माणसं एकदम मोठ्यानं बोलत असल्यासारखी वाटायची. हवेत कापसाचे तंतू उडत असायचे. माय म्हणायची, ह्या घरात वरणाला आधी कापसाची फोडणी बसते, मग लसणाची. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या अंगणातलं निंबाचं झाड हाच त्यांचा डेपो झाला. तुपाचे रिकामे डबे नटबोल्टांनी भरलेले. एका दिवाळीत पाहुण्यांच्या चिवड्यात वायसर निघाला, तेव्हा माय दोन दिवस आण्णांशी बोलली नव्हती. आण्णांना त्याचं एवढंच दुःख झालं की तो वायसर ते महिनाभर शोधत होते.

आण्णा माणसांनाही इंजिनाच्या भाषेत मोजायचे. गल्लीतला एक पुढारी चौकात भाषण ठोकायचा, त्याच्याबद्दल म्हणायचे, "आवाज लय हाय, कॉम्प्रेशन न्हाई." कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाचा दम. सिलिंडरात पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते. ती जितकी घट्ट कोंडली जाईल तितका इंजिनात जोर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाहीतर व्हॉल्व्ह जळाला, की हवा बारीक फटीतून निसटते, आणि वरून गाडी कितीही पुसूनपासून ठेवली तरी आतून ती दमेकरी झालेली असते. रंग नवा मारता येतो, सीटकव्हर नवं घालता येतं, किलोमीटरचा काटाही मागं फिरवणारे बहाद्दर असतात. दम मात्र उसना आणता येत नाही. आण्णा प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबायचे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. चांगल्या सिलिंडरानं अंगठा उडवून लावला पाहिजे. अंगठा जागचा हलला नाही की आण्णा तो धोतराला पुसून म्हणायचे, "राम म्हना."

आमच्याकडे जुनी गाडी घ्यायची पद्धत बैलाच्या बाजारासारखी होती. घेणारा आपल्यासोबत एक जाणकार माणूस न्यायचा. जाणकारानं मान हलवली की मग घेणाऱ्या-देणाऱ्याचे हात एका रुमालाखाली जायचे आणि बोटांनीच भाव ठरायचा. जाणकारानं पैसा घ्यायचा नाही. गाडी घरी आली की घेणाऱ्याच्या घरी त्या दिवशीचं पहिलं ताट त्याचं. तेवढंच. पण ते ताट साधं नसायचं. ज्यानं ते जेवण घेतलं, त्यानं गाडी पास केली असा अर्थ. पुढं काही निघालं तर लोक विकणाऱ्याच्या दारात जात नसत, जेवणाऱ्याच्या दारात यायचे. म्हणून आण्णा वर्षाकाठी पाच-सहाच ताटं जेवायचे, आणि तीही नीट चावून.

अंबादास गुरुजी मानवतजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांची मुलगी सुजाता. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला, तेव्हापासून लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. डोक्यानं मात्र अशी तल्लख की गुरुजींच्या शाळेतले बाकीचे मास्तर गणित अडलं की तिच्याकडे पाठवायचे, मुलांना नव्हे, स्वतःची शंका. ती परभणीला सायन्स कॉलेजात शिकत होती. होस्टेलात राहून पाहिलं, तिथं जिनेच जिने. रोज येऊन-जाऊन करायचं तर एसटीची पहिली पायरी तिच्या कमरेपर्यंत यायची, आणि मागून लोटणारी गर्दी कुणाचा पाय बघते? दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा पडली त्या आठवड्यात गुरुजी आमच्या निंबाखाली येऊन बसले आणि म्हणाले, "आण्णा, एक जुनी गाडी बघा. मला शौक न्हाई गाडीचा. गाडी मिळाली तर पोरीचं कॉलेज राहील, न्हाई तर ह्या वर्षी बंद. दुसरी वाट न्हाई ऱ्हायली."

जिंतूरकडच्या एका खेड्यात माणिकराव नावाच्या बागायतदाराची पेट्रोलची जुनी पांढरी गाडी विकायला होती. पण आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि डॉक्टरनं वाकायची मनाई केलेली. वाकल्याशिवाय इंजिन कसं बघणार? मग मी पुढं झालो. तेव्हा मी विशीचा होतो, आयटीआयचा कागद ताजा होता, आणि नांदेडहून आणलेलं कॉम्प्रेशन मोजायचं मीटर माझ्याकडे होतं. आख्ख्या मानवतात ते माझ्या एकट्याकडे आहे अशी माझी समजूत होती. अंगठ्याचा जमाना गेला, असं मी आण्णांना दिवसातून एकदा तरी ऐकवायचो. आण्णा म्हणाले, "बरं. तुझं मीटर घेऊन जा. चारी सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून आन. गाडी घ्यायची का न्हाई ते आकडे बघून मी सांगतो. तू तिथं काई बोलू नको." तोंड बंद ठेवायचं एवढं एक काम मी चोख केलं. नको तिथं.

मी, गुरुजी आणि सुजाता असे तिघं गेलो. तिला सीटवर बसता-उठता येतं का ते बघायचं होतं. माणिकराव मोठा गोड माणूस. आम्ही पोचलो तर गाडी त्यांच्या शेतातच उभी, चालू, आणि शेजारी आगटी पेटलेली. "आधी हुरडा, मग इंजन," ते म्हणाले. मी म्हटलं, "आधी काम." केवढा ऐटीत म्हटलं! बॉनेट उघडलं. गुरुजींना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सुजाता मागच्या सीटवर. कॉईलची वायर काढली. पहिला प्लग सुटला, दुसरा सुटला, चौथाही सुटला. तिसरा काही केल्या हलेना. माणिकराव आगटीपासून ओरडले, "तो तिसरा पयल्यापासून तसाच हाय बघा, त्याला कुनीच हात लावला न्हाई." मग मी म्हटलं, आधी सुटलेले तीन घेऊ. पहिल्याच्या भोकात मीटरचं तोंड दाबून धरलं. "मारा गुरुजी!" गुरुजींनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. काटा चढत एकशे पन्नासवर गेला. दुसरा एकशे पंचेचाळीस. चौथा एकशे पन्नास. जुन्या गाडीला याहून छान आकडे मिळत नाहीत. मी खूश.

मग तिसऱ्याशी झटापट. पाना दोनदा घसरला, बोटाचं साल गेलं. आणि तिकडं गरम कणसांचा तो वास. हुरड्याचा वास ज्यानं उपाशीपोटी घेतला आहे त्याला मी काय भोगत होतो ते सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. माणिकरावांनी हाक मारली, "अहो इंजनेर, हुरडा निवायलाय!" मला कुणी इंजिनेर म्हणायची ती पहिलीच वेळ. मी मनाशी हिशेब केला, तिघं निरोगी भाऊ आहेत तर चौथा काय मरतुकडा असणार? खिशातला कागद काढला आणि लिहिलं. उघडं बॉनेट माझ्या आणि गुरुजींच्या मध्ये होतं, त्यांना काही दिसलं नाही. मागच्या खिडकीतून सुजातानं डोकं बाहेर काढून विचारलं, "झाले चारी?"

"झाले," मी म्हणालो.

हुरडा उत्तम होता. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण खरं सांगायला बसलोय तर हेही खरंच सांगितलं पाहिजे. दोन वेळा मागून घेतला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा माय अंगणात वाळत टाकलेली तूर गोळा करत होती. आण्णांनी कागद उजेडाकडे धरून एका डोळ्यानं वाचला. १५०, १४५, १४५, १५०. बराच वेळ वाचला. चार आकडे वाचायला इतका वेळ लागत नाही. मग म्हणाले, "लय सारखे हायेत रे. इतकी जुनी गाडी..." आणि तो एक डोळा माझ्याकडे वळवला. "चारी मोजले न?"

"व्हय आण्णा."

"मीटरनं?"

"व्हय."

आण्णांनी कागदाची घडी घालून टोपीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना निरोप धाडला, घ्या.

गाडी आली त्या दिवशी गुरुजींच्या घरी जेवण झालं. आण्णांना आणि मला शेजारी शेजारी पाट. पुरणपोळी, वर तुपाची धार, येसराची झणझणीत आमटी, कुरडया. गुरुजींच्या बायको आग्रह करकरून वाढत होत्या. "तुमच्या शबदावर घेतली आण्णा," असं त्या प्रत्येक पोळीला म्हणायच्या, आणि आण्णा बोट दाखवायचे, "माझ्या न्हाई, ह्याच्या मीटरच्या." पुस्तकांत अशा वेळी माणसाला अन्न गोड लागत नाही म्हणतात. मला लागलं. मी चार पोळ्या खाल्ल्या. तेव्हापासून माझा स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीवर फारसा विश्वास नाही. ती माझ्या पोटाच्या पलीकडच्या गल्लीत राहते.

पुढचे दीड महिने गाडी रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. गुरुजी शाळेच्या आधी सुजाताला परभणीला सोडून यायचे. मी दात घासत उभा असायचो आणि आवाज ऐकायचो. पहिले काही दिवस मला तो ठीक वाटला. मग त्यात एक लंगडेपणा ऐकू यायला लागला, एक ठोका चुकल्यासारखा. मी स्वतःला समजावलं की थंडी आहे. थंडी संपली. मग म्हटलं पेट्रोल भेसळीचं असेल. एकदा गुरुजींनी गाडी थांबवून विचारलं, "चढाला जरा दमायलीय का रे ही?" मी म्हणालो, "नवे हात हायेत गुरुजी, गिअर लवकर टाकायलात तुमी." म्हणजे माझा खोटा आकडा मी आता त्यांच्या क्लचवरच्या डाव्या पायावर ढकलला होता.

सुजाताच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी गाडी परभणीच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर बंद पडली. आधी थरथरली, फटफट फुटके आवाज केले, आणि थांबली. गुरुजी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहिले. हात दाखवला तर भरलेल्या एसट्या तशाच पुढं गेल्या. शेवटी एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला उचलून बसवून घेतलं. ती कॉलेजात पोचली तेव्हा मुलं हात धुऊन बाहेर पडत होती. सरांनी नियमावर बोट ठेवलं. त्या एका प्रॅक्टिकलपायी तिचं वर्ष गेलं.

दुपारी गाडी ओढून आमच्या निंबाखाली आणली. आण्णांची पट्टी तोवर निघाली होती. गुरुजी आणि सुजाता ओट्यावर बसले. माय पाणी घेऊन आली आणि तांब्या धरून उभी राहिली. आण्णांनी तिसऱ्या प्लगच्या बुडाशी रॉकेल सोडलं, तासभर मुरू दिलं, तोवर दुसरी बॅटरी जोडली, आणि मग पान्याला पाइप लावून एका दमात प्लग सोडवला. मला म्हणाले, "लाव तुझं मीटर." काटा पस्तीसवर जाऊन थांबला. आण्णांनी वरून चमचाभर ऑइल आत सोडलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून काटा वर आला असता. पुन्हा सेल्फ मारला. पस्तीसच. म्हणजे व्हॉल्व्ह जळालेला, आजचा नव्हे, केव्हाचाच.

आण्णांनी मला विहिरीकडे नेलं. टोपीतून तो कागद काढला. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आकड्यावर माझ्या बोटांचे काळे डाग होते. तिसऱ्या आकड्यावर डाग नव्हता, त्याच्या कडेला हुरड्याचं बारीक कूस चिकटून वाळलं होतं. पण त्यांनी त्याबद्दल विचारलंच नाही. हळू आवाजात एवढंच विचारलं, "तीन प्लग काढलेले, एक आत. सेल्फ मारला की त्या एका सिलिंडरपाशी इंजन अडायला पाहिजे. मीटरच्या ठोक्याशिवाय फेऱ्यातून आनखी एक जड ठोका. अडत व्हतं का?"

आणि मला तो आवाज आठवला. मीटर लावलेल्या सिलिंडराचा एक ठोका सोडला तर शिलाई मशीन चालावी तसं इंजिन फिरलं होतं, सलग, कुठंही न अडता. तिसऱ्यात काही नाही हे इंजिन स्वतःच ओरडून सांगत होतं, आणि मला वाटलं होतं, व्वा, किती मऊ फिरतंय! प्लग न काढताही मला कळायला हवं होतं. गुन्हा तर केलाच, वर अडाण्यासारखा केला.

"न्हाई अडलं," मी म्हणालो.

आण्णा ओट्याकडे परत गेले, गुरुजींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, चूक माझी हाय. डोळ्याला पट्टी असताना मी शबूद द्यायला नको व्हता." गुरुजी म्हणाले, "असं कसं, आण्णा? मशीन हाय, बिघडतंच." मी तिथंच होतो. पाच पावलांवर. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. मी वाकून पाने गोळा करत राहिलो. लोक आज माझ्याबद्दल म्हणतात, हा म्हातारा एकेक सिलिंडर दोन-दोनदा मोजतो, नातू स्कॅनर लावायला तयार असतो तरी ह्याचं मीटर सुटत नाही, किती चोख माणूस! मी ऐकून घेतो. त्या पाच पावलांबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

इंजिनाचं हेड उतरवून आठ दिवस आमच्या अंगणात होतं. आण्णांनी नवा व्हॉल्व्ह आणला आणि घासायचं काम माझ्यावर टाकलं. काठीच्या टोकाला रबरी वाटी, तिला व्हॉल्व्ह चिकटवायचा, पेस्ट लावायची, आणि रवी घुसळावी तशी काठी दोन तळव्यांत फिरवायची. तळव्यांना फोड आले. मला त्या फोडांचं बरं वाटत होतं, काहीतरी फिटतंय असं. आण्णा जाता-येता बघायचे. आठव्या दिवशी चारही सिलिंडर मोजले, यावेळी आण्णांनी अंगठ्यानं आणि मी मीटरनं. आण्णा हात पुसत म्हणाले, "गाडी तू नेऊन दे. मी येत न्हाई. तिथं काय सांगायचं, काय न्हाई, ते तुझं तू बघ."

गुरुजींच्या अंगणात गाडी उभी केली. सुजाता पायरीवर बसून कॅलिपरचा पट्टा आवळत होती. गुरुजी बाहेर आले, बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "आण्णांनी लय मनाला लावून घेतलं रे. त्यांना सांग, आमी काई मनात धरलं न्हाई." झालं. आण्णांचं नाव निघालं आणि माझं उरलंसुरलं कॉम्प्रेशन गेलं. मी सगळं सांगून टाकलं. तिसरा प्लग निघाला नाही, मी मोजलं नाही, हुरड्यासाठी आकडा ठोकून दिला, आण्णांना खोटं सांगितलं, जेवलो, गिअरचं सुद्धा खोटं होतं. बोलताना माझा आवाज भरून आला, आणि खरं सांगतो, त्या भरून आलेल्या आवाजाचं मला आतून थोडं कौतुकही वाटत होतं. वाटलं, आता गुरुजी पाठीवर हात ठेवतील.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आन आण्णा म्हनले, माझी चूक," एवढंच ते बोलले आणि आत निघून गेले. आत भांडं वाजलं.

मी सुजाताकडे वळलो. म्हणालो, "तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं. तू काय म्हनशील ते मला कबूल हाय." तिनं पट्ट्याचं बक्कल लावलं, भिंतीला धरून उभी राहिली, आणि गाडीकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाली,

"बाकीचे तीन तरी मोजले व्हते का?"